सनदेवाचून कायदा

कायद्याचे शिक्षण म्हटले की वकिलीची सनद, काळा डगला आणि दाराशी अशिलांची रीघ, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मग ज्याला वकिली करावयाची नाही त्याने या वाटेला जावेच कशाला, असा प्रश्न ओघानेच येतो. वास्तविक घरभाडे, नोकरी, विमा, वडिलोपार्जित घराची वाटणी यांच्या कागदांतून सुटलेला माणूस सापडणे कठीण. कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायालय ऐकून घेत नाही. आणि तरीही शाळेत आपण भूमितीची प्रमेये पाठ करतो, करार कशाने होतो ते मात्र शिकत नाही. ज्यांना संपूर्ण पदवीसाठी वर्षे देणे शक्य नाही अशा नोकरदाराने, गृहिणीने किंवा पत्रकाराने विद्यापीठात जाऊन कायद्याचा एखादाच भाग शिकावा काय, आणि शिकल्यास पदरात नेमके काय पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम जे पदरात पडत नाही ते सांगून टाकणे बरे. १९६१च्या अधिवक्ता अधिनियमानुसार दुसऱ्याच्या वतीने न्यायालयात उभे राहण्याचा हक्क अधिवक्त्यालाच आहे. इतरांना एखाद्या प्रकरणापुरती न्यायालयाने परवानगी दिली तरच बोलता येते. अधिवक्ता होण्यासाठी पदवीनंतर तीन वर्षांचा, किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. वर्षभराची पदविका कितीही चांगल्या गुणांनी मिळविली तरी ती या पदवीची जागा घेत नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शिरून मध्येच नुसती कलाशाखेची पदवी घेऊन बाहेर पडू, असा बेतही कोणी करू नये. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८च्या नियमांनी असा मधला दरवाजा बंद केलेला आहे. स्वतःचा दावा मात्र पक्षकाराला स्वतः चालविता येतो, आणि त्यासाठी सनद लागत नाही.

पदवी आणि विद्या या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कॉर्नेलिया सोराबजी यांच्या चरित्रात फार स्पष्टपणे दिसते. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या या बाईंनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्रियांना पदवी देण्याचा त्या विद्यापीठाचा रिवाज नव्हता. ती पदवी त्यांच्या हाती पडली १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी! मधल्या काळात, १९०४ पासून, बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सच्या सेवेत राहून त्यांनी पडदानशीन स्त्रियांना आणि अज्ञान वारसांना त्यांच्या इस्टेटीबाबत सल्ला दिला. त्यांच्यावर ही परिस्थिती अन्यायाने लादली गेली होती, हे खरे. परंतु न्यायालयाच्या व्यासपीठाबाहेरही कायद्याला केवढे काम असते, हे त्यांनी दाखवून दिले.

आज देशात अशा मर्यादित अभ्यासाची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. पुणे विद्यापीठाने कामगार कायदे व कामगार कल्याण, तसेच करविषयक कायदे यांच्या पदविका चालविल्या आहेत. दिल्लीला १९५६ साली स्थापन झालेल्या भारतीय विधि संस्थेत बौद्धिक संपदा, सायबर कायदा अशा विषयांचे पदव्युत्तर पदविका वर्ग असतात. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ग्राहक संरक्षण आणि मानवी हक्क हे विषय प्रमाणपत्राच्या रूपाने घरबसल्या शिकण्याजोगे केले. दक्षिणेत अण्णामलै विद्यापीठाची 'बी. जी. एल.' ही पत्रद्वारा मिळणारी पदवी एके काळी पुष्कळांनी घेतली. ती केवळ ज्ञानासाठी होती, सनदेसाठी नव्हती, हे तीतील काहींना उशिरा कळले असावे.

कोणता विषय निवडावा? पुष्कळजण आपल्या गरजेचा विषय आधी उचलतात. माझ्या मते आरंभ १८७२च्या करार कायद्यापासून करावा. या कायद्यात कलमांखाली छोटी छोटी उदाहरणे दिलेली आहेत: अमुक मनुष्य तमुकाला आपले घर अमुक किंमतीस देऊ करतो, पुढे काय होते? ती वाचता वाचता व्याख्या, नियम आणि अपवाद असा कायद्याचा क्रम अंगवळणी पडतो. एकदा हे वळण पडले म्हणजे दुसरा कोणताही कायदा परका वाटत नाही. मार्गदर्शिकांवर विसंबणाऱ्यास हे वळण कधीच पडत नाही. मूळ कलम वाचावे, ते कंटाळवाणे असले तरी.

एकच विषय शिकण्यात एक धोकाही आहे. समजा, एखाद्याने नोंदणी कायदा तेवढा शिकला. स्थावर मिळकतीचे बक्षिसपत्र नोंदविलेच पाहिजे, हे तो जाणतो. पुढे घरात वडिलांचे मृत्युपत्र निघते. त्यावर नोंदणीचा शिक्का नाही, म्हणून ते रद्दी आहे असे तो भावंडांना सांगून बसतो. प्रत्यक्षात मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. त्याला हवी असते ती करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांची साक्ष, आणि हे १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात सांगितलेले आहे, जो आमच्या या विद्यार्थ्याने उघडलाच नव्हता. अशा एका वाक्याने घरात वर्षानुवर्षांचे वैर पेटू शकते. म्हणून एक विषय शिकताना त्याच्या सीमा कोठे संपतात हेही शिक्षकाला विचारून घ्यावे. आपले ज्ञान कोठे अपुरे पडते ते ओळखून वेळेवर वकिलाकडे जाणारा विद्यार्थी शुल्क वसूल करून परत आला, असे मी समजतो.

वेळेवर हा शब्द मी मुद्दामच वापरला. ग्राहकाची तक्रार सामान्यतः दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. माहितीच्या अधिकाराखालील अर्ज फेटाळला गेल्यास पहिले अपील तीस दिवसांत करावयाचे असते. पुष्कळांची बाजू खरी असूनही ती केवळ मुदत टळल्याने बुडते.

प्रवेश घेण्यापूर्वी पाठ्यपुस्तकांची आवृत्तीही पाहून घ्यावी. १ जुलै २०२४ पासून १८६०च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि कलमांचे क्रमांक बदलले. पुराव्याचा जुना कायदाही त्याच दिवशी गेला. ग्रंथालयाच्या कपाटात मात्र जुनी पुस्तके अजून त्याच दिमाखाने उभी आहेत.