जोडीदाराची निवड आणि आपले उपराष्ट्रपतिपद

अमेरिकेतील अध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार जाहीर करतो, तेव्हा त्याच्यामुळे किती मते मिळतील याचीच चर्चा होते. वस्तुतः प्रश्न वारसाचा असतो. १९४४ च्या शिकागो अधिवेशनात रूझवेल्ट यांचे भाषण रेडिओवरून ऐकविले गेले. वॉलेस यांच्याऐवजी निवडलेले ट्रूमन तर चार शब्द बोलून बसले. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट निवर्तले आणि उरलेली पावणेचार वर्षे ट्रूमन यांच्या वाट्यास आली.

आपल्या राज्यघटनेस ही जोडी मान्य नाही. कन्हानच्या मतदारांनी निवडलेला रामटेकचा खासदार दोन्ही पदांसाठी निरनिराळे मत देतो. त्यांच्या आमदारास मात्र उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतच नाही. शिवाय राष्ट्रपतिपद रिक्त झाल्यास उपराष्ट्रपती केवळ कार्यभार सांभाळतो व सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. १९६९ मध्ये झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर हा कार्यभार वाहणाऱ्या गिरींनी स्वतःच उभे राहण्यासाठी राजीनामा दिला. तेव्हा २० जुलै ते २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतींचे काम सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी पाहिले. हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. पुढे १९७९ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. राष्ट्रपती संजीव रेड्डी यांची निवड त्यापूर्वी दोन वर्षे, १९७७ मध्येच, झालेली होती.