गाव सुटले, आडनाव राहिले

उरण तालुक्यात म्हात्रे, घरत, पाटील, ठाकूर, कोळी ही आडनावे पावलोपावली भेटतात; त्यांत गावाचे नाव नाही. न्हावे गावातच राहणाऱ्याला न्हावेकर म्हणून उपयोग काय? तिथे सारेच न्हाव्याचे. गावाचे नाव माणसाला चिकटते ते बहुधा गाव सुटल्यावर.

रायगड किनाऱ्यावर याचे सर्वांत बोलके उदाहरण बेने इस्रायली ज्यूंचे आहे. दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, राजपुरीचे राजपूरकर, झिराडचे झिराडकर. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, असे हा समाज परंपरेने सांगतो. पुढे ही कुटुंबे गावोगाव पांगली, तेलघाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे 'शनवार तेली' म्हणून ओळखली गेली. मुंबई वाढू लागली तशी अठराव्या शतकात त्यांतली काही तिकडे गेली. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर हेही याच नावपरंपरेतले. त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीवमध्ये छापला गेला.

मग या आडनावांवरून रक्ताचे नाते शोधता येईल का?

इंग्लंडमध्ये हा प्रयोग झाला आहे. तिथे आडनाव बापाकडून मुलाकडे जाते आणि वाय गुणसूत्रही तसेच. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये चाळीस आडनावांच्या पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासली. स्मिथ हे अतिशय प्रचलित आडनाव. त्या नावाच्या पुरुषांत काही खास साम्य निघाले नाही. ॲटनबरो हे दुर्मीळ. त्या नावाच्या दहांपैकी जवळपास नऊ पुरुषांचा गुणसूत्रप्रकार एकच, म्हणजे बहुतेक सारे एकाच पूर्वजाचे वंशज. आडनाव जितके दुर्मीळ, तितका वंशाचा धागा पक्का.

आपल्या किनाऱ्यावर हे गणित चालत नाही. दिवेकर ज्यू आहेत तसे चित्पावनही आहेत. दोघांचे गाव एक, पूर्वज वेगळे. 'कर' वंश सांगत नाही, पत्ता सांगतो.

वंशाचे उत्तर म्हणून थेट जनुकांतच शोधावे लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेने इस्रायलींच्या जनुकांत मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर आढळले. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे. ज्यू वाटा पुरुषांकडून अधिक, स्थानिक वाटा स्त्रियांकडून अधिक. त्यानंतर लोकसंख्या आक्रसली आणि लग्ने समाजातच होत राहिली. थोड्या कुटुंबांपासून वाढल्याची परंपरा या शेवटच्या निष्कर्षाशी जुळते, ही गोष्ट फार मोलाची आहे.

तरीही 'कर'ला कमी लेखू नये. कोणत्या गावात कोण राहत होते, याची नोंद बखरींत क्वचितच सापडते. ती आडनावांत आहे. पुढेही गावे सुटत राहिली. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायली इस्रायलला गेले. इकडे न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातली कुटुंबे उरणच्या हनुमान कोळीवाड्यात हलवली गेली आणि १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. ज्यांच्या घरात अजून आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांना मूळ गाव, पाडा आणि तिथून निघाल्याचे साल विचारून आजच लिहून ठेवावे.