पोळ्याला बैलाच्या मानेवरून उतरणारं जू

पोळ्याच्या आदल्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडं खांदशेकणी. जू घासून घासून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं. दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. (पोळ्याच्या पाडव्याची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, सगळ्यांना ठाऊक, जुवाकडं कोण बघतो!)

'जू' हा शब्द संस्कृतात 'युग'. प्राकृतात सुरुवातीच्या 'य'चा 'ज' झाला, मधला 'ग' गळाला, 'जुअ' उरलं, त्याचं आपलं 'जू'. लॅटिनमध्ये तेच 'युगुम', जर्मनमध्ये 'योख', इंग्रजीत 'योक'. तुर्कस्तानात सापडलेल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या हित्ती मातीच्या पाट्यांवरही 'युगन'! या सगळ्यांचं मूळ अभ्यासक 'युगोम' असं मांडतात. ते कुठं लिहिलेलं सापडलेलं नाही, लेकीभाषा ताडून काढलेलं आहे. म्हणजे या भाषा फुटण्याआधीच ती मूळ भाषा बोलणारी माणसं जनावरं जुंपत असावीत, असा तर्क निघतो. मला तो पटतो.

मुळातला धातू, संस्कृतात 'युज्', म्हणजे जोडणे. त्यातून आपला 'योग' आला, जू बांधायचं 'जोत'ही आलं. लॅटिन शाखेतून इंग्रजीत गेलं 'जंक्शन'. पांढुर्ण्याहून इटारसीकडं निघालात की आमला जंक्शन लागतं, त्या पाटीवरही हाच धातू आहे.