गीत पुढें, वाद्य मागें

गायन, वादन आणि नृत्य या तिहींत मानाचें स्थान कोणाचें, हें शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असतां, आपल्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथाच्या आरंभींच सांगून टाकिलें आहे. नृत्य वाद्याच्या मागून जातें, वाद्य गीताच्या मागून जातें. अर्थात् तिहींत गीत प्रधान. आमच्या वऱ्हाडांत हा सिद्धान्त पोथी न उघडतांही लोकांस ठाऊक होता. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीभजनांनीं तो गांवोगांव नेला. गाणारा आणि वाजविणारा एकच असल्यावर, शब्द जेथें थांबेल तेथें खंजिरीनें थांबलेंच पाहिजे.

हल्लीं घरोघरीं याच्या उलट व्यवहार चालला आहे. तयार वाद्यसंगीत आधीं मिळवावयाचें आणि त्यावर मागाहून आपला कंठ बसवावयाचा. मंगलाष्टकें, पाळणे, स्तोत्रें, भूपाळ्या, सर्व कांहीं या रीतीनें संगणकावर तयार होतें. यांत वाईट कांहींच नाहीं. साजिंदे घरीं बोलावण्याची ऐपत किती कुटुंबांस असणार? परंतु तयार वाद्य कोणासाठीं थांबत नाहीं. श्वास घेण्यास आजीबाई क्षणभर थबकल्या तरी तें आपलें पुढें चालूच. येथें हिवरखेडास एका परिचितांच्या घरीं जात्यावरच्या ओव्या अशाच बासरी-तबल्यासह मुद्रित केलेल्या ऐकल्या. म्हणणाऱ्या बाई आज हयात नाहींत. त्या ओव्या घरांत दुसऱ्या कोणास येत नाहींत. आणि ओवींत त्यांनीं घेतलेलें माहेरच्या गांवाचें नांव तबल्याच्या थापेखालीं असें दडपलें आहे कीं, तें कोणासही ओळखतां आलें नाहीं. नुसत्या कंठाची निराळी प्रत ठेविलेली नव्हती. एकदां मिसळलेला ध्वनि पुन्हां निराळा करणारीं साधनें अलीकडे निघालीं आहेत खरीं. पण बुडालेलें व्यंजन तीं जसेंच्या तसें परत देतील असा भरंवसा धरूं नये.

पूर्वीं हें मिश्रण अंतरानें साधत असत. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें मुद्रित झालें तेव्हां विजेचा मायक्रोफोन नव्हता. गाणारानें कर्ण्याशीं तोंड न्यावें, वादकांनीं मागें बसावें, आणि ज्याचें वाद्य मोठें त्यानें अधिक दूर बसावें, एवढाच उपाय. पुढें बोलपट आले. १९३२ च्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्यें गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे यांनीं आपलीं गाणीं आपणच म्हटलीं. त्या काळीं वादकमंडळी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसून नटाबरोबर वाजवीत असे. गैरसोय पुष्कळ, परंतु वादकाची नजर गाणाराच्या तोंडाकडे असे, हा लाभ लहान नव्हे. संगणकांतील वादकास डोळे नाहींत. त्याच्या वतीनें आपण पाहावें लागतें.

यासाठीं 'ऑडॅसिटी' नांवाचें साधन आहे. १९९९ सालीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनीं तें आरंभिलें, २००० सालीं लोकांच्या हातीं दिलें, आणि अद्याप त्यास एक पैही पडत नाहीं. त्यांत वाद्यसंगीत एका पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, घ्यावें. आणि तें ऐकत ऐकत कंठ दुसऱ्या पट्टीवर मुद्रित करावा. ऐकण्यास हेडफोन पाहिजेच. नाहीं तर वाद्याचा ध्वनि मायक्रोफोनांत शिरून कंठाच्या पट्टीसही विटाळ होतो. पंखा बंद करावा. वैशाखांत हें सांगणें सोपें व करणें कठीण, म्हणून पहांटेची वेळ धरावी. पिठाची गिरणीही तेव्हां बंद असते. भिंतींवर दोन गोधड्या टांगल्या तर खोलीचा घुमारा पुष्कळ कमी होतो. आरंभीं चार-पांच क्षण कोणीं बोलूं नये. त्या नि:शब्द तुकड्यावरून 'नॉइज रिडक्शन' खोलीची घरघर ओळखून कमी करितें. मात्र त्याचा अतिरेक केल्यास आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

कंठाची पट्टी वाद्याहून किंचित् मागें पडलेली आढळते. संगणकास ध्वनि आंत घेण्यास व बाहेर देण्यास लागणारा हा अवधि आहे, गाणाराचा दोष नव्हे. ती पट्टी ओढून जुळवावी म्हणजे झालें. मुद्रण चालूं असतां ध्वनीची उंची शून्य डेसिबलपर्यंत जाऊं देऊं नये. तेथें लहरींचे शेंडे कापले जातात आणि तो बिघाड मागाहून नीट निघत नाहीं. उणे सहाच्या आसपास थांबावें.

आतां खरें मिश्रण. सहा डेसिबल कमी केले म्हणजे लहरीची उंची निम्मी होते, बारा केले म्हणजे पावपट. वाद्य कंठाच्या खालीं दहा-बारा डेसिबल ठेवून आरंभ करावा. 'ऑटो डक' या युक्तीनें कंठ सुरू होतांच वाद्य आपोआप दबतें, परंतु तिचा वाद्यास अकस्मात् दिलेला धक्का कानास खटकतो. 'एन्व्हलप' घेऊन हातानें चढउतार करणें अधिक चांगलें. दोन ओव्यांच्या मधल्या जागेंत बासरीस खुशाल वर येऊं द्यावें. शिवाय स, श, त, क या वर्णांची स्पष्टता बव्हंशीं सेकंदास दोन हजारांहून अधिक कंपनांच्या प्रदेशांत राहते. वाद्याच्या पट्टींत दोन ते चार हजारांचा भाग 'फिल्टर कर्व्ह'नें थोडा खालीं घेतला कीं अक्षरें मोकळीं होतात. तपासण्याची प्रस्तुत लेखकाची रीत शाळामास्तरी आहे: ती ओवी ठाऊक नसलेल्या मुलास ऐकवून शब्द लिहावयास सांगावें. चुकला तर वाद्य आणखी खालीं घ्यावें.

पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं अल्पकंठास हें यंत्र तारूं शकतें. अनर्थज्ञासाठीं मात्र त्यांत अजून बटण नाहीं.

काम झाल्यावर तयार गाणें एमपी३ करून पाठवावें. पण ऑडॅसिटीची मूळ फाईलही ठेवावी, आणि नुसत्या कंठाची वेव्ह प्रत निराळी काढून दोन ठिकाणीं जपावी. तींत कांहीं सफाई करूं नये; खोकलाही असूं द्यावा. ओव्या सुरू करण्यापूर्वीं आजींकडून त्यांचें नांव, माहेरचें गांव आणि दिनांक त्याच मायक्रोफोनवर वदवून घ्यावा.