कान जपू या : 'साठ' आणि 'आठ' यांतील अंतर



या अंकात आम्ही परीक्षेविषयी न लिहिता कानांविषयी लिहीत आहोत. त्याला कारण आमचीच एक चूक आहे.

दोन वर्षांपूर्वी इयत्ता पाचवीच्या वर्गावर आम्ही तोंडी गणिते घेत होतो. "साठ अधिक वीस" असे आम्ही विचारले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने पाटीवर 28 लिहिले. पुढच्या दोन गणितांतही त्याचे उत्तर असेच चुकले. आम्ही सर्वांसमोर त्याला विचारले, "लक्ष कुठे आहे तुझे?" तो खाली मान घालून उभा राहिला. संध्याकाळी वर्गशिक्षिकांनी आमच्या लक्षात आणून दिले, की मुलाची बेरीज चुकलेली नव्हती. त्याला 'साठ' हा शब्द 'आठ' असा ऐकू आला होता. आठ आणि वीस म्हणजे अठ्ठावीसच!

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला बोलावले. ती म्हणाली, "सर, घरीही तो टीव्हीचा आवाज मोठा करतो, हाक मारली तर ओ देत नाही. आम्हांला वाटायचे, हट्टी आहे." लहानपणापासून त्याचा कान अधूनमधून वाहत होता, तेल घालून तो बरा होतो असा घरच्यांचा समज होता. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी झाली. कानाच्या पडद्याला छिद्र होते. उपचार सुरू झाले, मुलाला पहिल्या बाकावर बसवले आणि एका सत्रात त्याच्या गुणांत फरक दिसू लागला. ज्या वर्गात त्याला बोललो होतो, त्याच वर्गात आम्ही त्याची माफी मागितली.

ऐकू न येणे दिसत नाही

लंगडणारे मूल दिसते, चष्मा लावलेले मूल दिसते. कमी ऐकू येणारे मूल मात्र 'दुर्लक्ष करणारे', 'उद्धट' किंवा 'मठ्ठ' ठरते. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. या भागात नोकरीला आलो तेव्हा आम्ही गावाचे नाव 'धारगल' असे उच्चारत असू आणि मुले तोंडावर हात ठेवून हसत. 'ल' आणि 'ळ' यांतला फरक आमच्या कानाला कळायलाच काही महिने लागले. जिभेवर तो त्यानंतर आला. जो ध्वनी कानाला नीट कळत नाही, तो तोंडातूनही नीट येत नाही. आमचा कान धड होता, फक्त सवय नव्हती. ज्या बाळाचा कानच अधू असेल, त्याचे काय होत असेल याचा विचार करावा. म्हणून बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात व्हावी, दोष वाटल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावे आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावा, असे तज्ज्ञ सांगतात. बोलणे शिकण्याची ती वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

त्या मुलाबरोबर बांबोळीला गेलो असताना, वय झाले आहे तर आपणही तपासून घेऊ, असा विचार आम्ही केला. एका बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि बारीक आवाज आला की बटण दाबायला सांगतात. त्यावरून जो आलेख निघतो त्याला ऑडिओग्रॅम म्हणतात. आमचा आलेख उंच स्वरांच्या बाजूला खड्ड्यासारखा खाली गेलेला होता. डॉक्टरांनी विचारले, "मोठ्या आवाजात कधी काम केले आहे का?" तरुणपणी आम्ही ढोलपथकात वाजवत होतो. पुढे शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात मंचावर स्पीकरशेजारची खुर्ची आमचीच असे! गेल्या वर्षापासून आम्ही श्रवणयंत्र वापरतो. पुष्कळ विद्यार्थ्यांनी ते पाहिले आहे आणि विचारायला संकोच केला आहे. आता मोकळेपणाने विचारावे.

कान कसा ऐकतो?

आवाजाच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागे तीन चिमुकली हाडे असतात. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणतात. ती हे कंपन आतल्या शंखासारख्या भागात पोहोचवतात. त्या शंखात द्रव आणि हजारो सूक्ष्म केशपेशी असतात. वाऱ्याने भाताचे शेत डोलावे, तसे त्यांच्यावरचे केस हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. फार मोठ्या आवाजात ही रोपे आडवी होतात. थोडी विश्रांती मिळाली तर काही सावरतात. मात्र वारंवार मार बसला तर त्या पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. भात पुढच्या पावसाळ्यात लावता येतो, हे शेत एकदाच लावलेले असते.

मोठ्या आवाजाने सहसा उंच स्वर टिपणाऱ्या पेशींना आधी इजा होते. 'स', 'श', 'फ', 'त' यांसारखी व्यंजने उंच स्वरांची असतात. त्यामुळे माणूस म्हणतो, "मला ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत." आमचे नेमके हेच झाले.

किती आवाज म्हणजे जास्त?

2024 च्या डिसेंबरमध्ये 28 ते 30 तारखेला धारगळात सनबर्न हा मोठा संगीत महोत्सव भरला. गावात त्याविषयी दोन मते होती आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेले. त्या वादात शिरण्याचे हे पान नव्हे. पण सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, किती आवाज म्हणजे जास्त आवाज?" हा प्रश्न आम्हांला फार मोलाचा वाटला.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज सुमारे 30, साधे बोलणे 60, मिक्सर 80 ते 90, जवळून ऐकलेला ढोल-ताशा 100 च्या वर आणि जवळ फुटलेला मोठा फटाका 120 च्याही वर जातो. मात्र हे आकडे साध्या मोजपट्टीसारखे नाहीत. 10 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि केवळ 3 डेसिबल वाढले की ती दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलचा आवाज आठवड्यातून 40 तास ऐकणे सुरक्षित आहे. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो : 83 ला 20 तास, 86 ला 10 तास, 89 ला 5 तास. 101 डेसिबलला जेमतेम 19 मिनिटे उरतात, आणि तीही संपूर्ण आठवड्यासाठी.

आता आपल्याकडचा हिशेब करा. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुरापुढच्या स्पीकरजवळ मुले तासन्तास उभी असतात. सकाळी कान दडे बसल्यासारखे होतात, शिटी वाजल्यासारखे वाटते. दुपारपर्यंत बरे वाटले की आपण विसरतो. ती शिटी हा कानाने दिलेला इशारा असतो.

सण बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. शिगमोचा ढोल आणि चवथीच्या आरतीतले घुमट हे आपले वैभव आहे. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले तर आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे पाच मीटरवरून दहा मीटरवर जाण्यानेही कानाला मोठा आराम मिळतो. वाजवणाऱ्यांनी औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात घालावेत. साध्या कापसाचा फारसा उपयोग होत नाही. तान्ह्या बाळांना मिरवणुकीच्या पुढे नेऊ नये. मोबाइलला इअरफोन लावल्यास आवाज 60 टक्क्यांच्या आत ठेवावा आणि मध्येमध्ये कानांना विश्रांती द्यावी.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवती 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तेथे दिवसा 50 व रात्री 40 डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागात ती 55 व 45 आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास मनाई आहे. ठरावीक सणांच्या दिवशी सरकार 12 पर्यंत सवलत देऊ शकते.

घरातल्या माणसांसाठी

कान वाहत असेल तर तेल, काडी, पिन यांपैकी काहीही घालू नये. तळीत वा नदीत डुंबणे थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. गोवर-रुबेलाची लस चुकवू नये, कारण या रोगांनीही श्रवणशक्ती जाऊ शकते.

आजी-आजोबांना कमी ऐकू येत असेल तर ओरडू नका. ओरडण्याने आवाज वाढतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. समोर या, तोंडावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा आणि सावकाश बोला. "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य तर मुळीच म्हणू नका. त्या वाक्याने माणूस घरातल्या घरात एकटा पडतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. उतारवयातील स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाचा समावेश लॅन्सेट आयोगाने 2020 च्या अहवालात केला आहे. श्रवणयंत्र लावले की पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, पावसाचा आवाज नकोसा होतो. कंटाळून ते कपाटात ठेवू नये, मेंदूला सवय होऊ द्यावी. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून श्रवणयंत्रासाठी साहाय्य मिळू शकते.

शाळेने काय करावे?

गेल्या वार्षिक स्नेहसंमेलनात आम्ही मोबाइलवरील ॲपने पहिल्या रांगेतला आवाज मोजला. ॲपचे माप काटेकोर नसते, तरी आकडा 100 च्या आसपास होता. त्या रांगेत आम्ही कोणाला बसवले होते? पूर्वप्राथमिकच्या मुलांना, लहान म्हणून, मुद्दाम पुढे! ही चूक दुसऱ्या कोणाची नाही, शाळेची आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही चार गोष्टी ठेवत आहोत. एक, संमेलनात स्पीकर उंचावर लावून त्यांच्यापुढची दहा मीटर जागा रिकामी सोडावी व आवाजाची मर्यादा आधीच ठरवावी. दोन, दरवर्षी सत्राच्या आरंभी पहिली, पाचवी आणि आठवीच्या मुलांची श्रवणतपासणी व्हावी. तीन, खडखडणारे पंखे दुरुस्त करावेत व बाकांच्या पायांना रबर बसवावे. मागच्या बाकावरच्या मुलापर्यंत शिक्षकाचा शब्द पोहोचू न देणारा हाच आवाज असतो. चार, कोणतेही मूल वारंवार "काय?" विचारू लागले तर शिक्षा करण्यापूर्वी पालकांशी बोलावे.

काही पालक आम्हांला म्हणाले, "सर, आवाज नसेल तर गॅदरिंगला मजा काय?" त्यांना आमची विनंती आहे, की यंदा मागच्या रांगेत आमच्याशेजारी बसावे. मुलांच्या गाण्याचे शब्द तेथे कळले, तर आवाज पुरेसा आहे असे समजू.

या विषयावरील आपल्या सूचना महिनाअखेरपर्यंत कार्यालयात लेखी द्याव्यात. आपल्या पाल्याच्या ऐकण्याविषयी शंका असल्यास वर्गशिक्षकांना निःसंकोच सांगावे. ती गोष्ट चारचौघांत जाणार नाही.

आपला,
मुख्याध्यापक