खेळणं घडताना – लेखांक ५ : चूक दाखवणारा दट्ट्या

मागच्या लेखांकात लाकडाची निवड पाहिली. आता त्या लाकडातून एक खेळणं प्रत्यक्ष घडवू. बालवाडीत त्याला दट्ट्यांची पेटी म्हणतात. एक जाड ठोकळा, त्यात ओळीने गोल भोकं आणि प्रत्येक भोकात नेमका बसणारा, वर छोटी मूठ असलेला दट्ट्या. दिसायला साधं, पण शैक्षणिक खेळणं कशाला म्हणायचं हे समजून घ्यायला याहून चांगला नमुना नाही.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या साहित्यातल्या एका पेटीत सारख्या उंचीचे दहा दट्टे असतात. सगळ्यात बारीक एक सेंटिमीटर व्यासाचा, सगळ्यात जाड साडेपाच सेंटिमीटरचा. प्रत्येक पायरीला अर्ध्या सेंटिमीटरचा फरक. मूल सगळे दट्टे काढतं, मिसळतं आणि परत बसवू लागतं. जाड दट्ट्या बारीक भोकात जातच नाही. बारीक दट्ट्या मात्र मोठ्या भोकात खुशाल जातो आणि जमलं असं वाटतं. गंमत शेवटी होते. हातात एक जाड दट्ट्या उरतो आणि समोर रिकामं असतं एकच बारीक भोक. ‘चुकलं’ असं कुणी म्हणत नाही. मूल ओळीकडे पुन्हा पाहतं, डुगडुगणारा दट्ट्या हुडकून काढतं आणि मांडणी बदलतं. मूठ तीन बोटांत धरावी लागते, म्हणून पेन्सिल धरण्याची तयारीही आपसूक होते.

म्हणजे यातलं शिक्षण रंगात नाही, वर छापलेल्या अआइईत तर नाहीच नाही. ते मापात आहे. बाजारात ‘शैक्षणिक’ म्हणून विकली जाणारी निम्मी खेळणी इथेच नापास होतात. मोठं माणूस शेजारी बसून बरोबर-चूक सांगत राहिलं नाही, तर ती काही शिकवत नाहीत.

हे साहित्य महाग, गावाला परवडणारं नाही, ही अडचण जुनीच आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलं आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. या दोघींनी माँटेसरींचं तत्त्व ठेवलं, परदेशी साहित्याचा हट्ट सोडला. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशा आसपासच्या वस्तूंतून लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत शिकवलं. आपणही त्याच वाटेने जायचं. पेटीची हुबेहूब नक्कल करायची गरज नाही. दोन गोष्टी सांभाळल्या की पुरे : दोन दट्ट्यांमधला फरक आणि दट्ट्या-भोकामधली सैल जागा.

या सैल जागेचा प्रश्न डिंगोऱ्यासारख्या घाटाजवळच्या गावात जरा जास्तच बिकट आहे. कल्याण-नगर महामार्गावर ओतूरहून माळशेजकडे निघालं की डिंगोरे लागतं. घाट जवळ असल्याने वैशाखात हवा कोरडी ठणठणीत आणि आषाढात भिंतीसुद्धा ओल्या. लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं. शिरेच्या दिशेने ते जवळजवळ वाढत नाही, फुगतं ते आडवं. सागाचं फुगणं तुलनेने कमी. तरीही ४० मिलिमीटरचा दट्ट्या उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना ढोबळमानाने अर्धा मिलिमीटर जाड होतो.

इथे कुणी म्हणेल, दट्ट्या फुगला तर भोकही मोठं होईलच की. होतं, पण एकाच बाजूने. दट्ट्या उभ्या शिरेच्या लाकडातून कातलेला असतो, म्हणून त्याचा गोल सगळीकडून फुगतो. ठोकळा मात्र आडवा असतो, त्याची शीर लांबीच्या दिशेने जाते. त्यामुळे भोक रुंदीकडे थोडं वाढतं, लांबीकडे जागच्या जागी राहतं. गोल भोक किंचित लंबगोल होतं आणि मे महिन्यात सुळकन बसणारा दट्ट्या जुलैत नेमका लांबीच्या बाजूने अडकतो. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. चूक दाखवणारं खेळणं मग खोटं बोलू लागतं. तेल-मेणाने ओल शोषण्याचा वेग मंदावतो, थांबत नाही. म्हणून सैल जागा ऋतू पाहून ठेवायची : उन्हाळ्यात बनवत असाल तर व्यासात सव्वा ते दीड मिलिमीटर, भर पावसाळ्यात बनवत असाल तर पाऊण मिलिमीटर. दोन दट्ट्यांमध्ये पाच मिलिमीटरचा फरक असल्याने एवढ्या सैलपणाने खेळ बिघडत नाही.

आता माप. गावच्या पेटीला पाच दट्टे पुरेत : ३५, ४०, ४५, ५० आणि ५५ मिलिमीटर व्यासाचे, सगळे मूठ सोडून ५० मिलिमीटर उंच. सुरुवात ३५ पासून करण्याला कारण आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या खेळण्याचा कोणताही भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तपासणी नळीत पूर्ण मावता कामा नये, नाहीतर तो घशात अडकू शकतो. मूठ दट्ट्यातूनच कातून काढा. डिंकाने चिकटवलेली मूठ एक दिवस सुटतेच. ठोकळा ३२५ मिलिमीटर लांब, ८५ रुंद, ५० जाड. दोन भोकांत आणि कडांना साधारण १५ मिलिमीटर लाकूड राहू द्या. भोकं आरपार पाडा आणि तळाला सहा मिलिमीटरचं प्लायवूड लावा. प्लायवूड फारसं फुगत नाही, म्हणून स्क्रू भोकांच्या मधल्या जागेत, मधोमध एकाच ओळीत मारा. चारही कोपऱ्यांत मारले तर ठोकळा तडकण्याची भीती असते.

कडा रंध्याने मारून पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. रंग द्यायचाच असेल तर लाखेचा. चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लेथवर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. दुकानातला उरलेला ऑइलपेंट मात्र नको. त्यात शिसं असू शकतं आणि लहान मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालतं.

विकण्याचा विचार असेल तर एक नियम ध्यानात ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना, त्यांनी स्वतः बनवून विकलेल्या मालापुरती, यातून सूट आहे. तेव्हा आधी नोंदणी, मग विक्री.

पेटी तयार झाली की गावच्या अंगणवाडीत ठेवा आणि लांब बसून पाहा. मूल चुकेल तेव्हा तोंड उघडू नका; दट्ट्याला त्याचं काम करू द्या. पावसाळा लागला की पाचही दट्टे हाताने बसवून पाहा. एखादा घट्ट झाला असेल तर थोडा घासून घ्या. पुढच्या लेखांकात पांगुळगाड्याची चाकं.