गळीत हंगाम, परीक्षा आणि पोरांचे मन



कारखान्याचे गाळप ऐन भरात असते, तेव्हाच बारावीची आणि तिच्या पाठोपाठ दहावीची परीक्षा येते. तोडीची तारीख हुकली, टोळी दुसऱ्या गटात गेली, उसाला तुरा आला, ट्रॅक्टर रात्री दोनला भरायला लागला, असल्या विवंचनेत घरचा कर्ता बुडालेला असतो. घरच्या बाईमाणसाला धारा, वैरण आणि मजुरांचा चहापाणी यांतून उसंत नसते. त्याच घराच्या एका खोलीत पोरगं नाही तर पोरगी पुस्तक उघडून बसलेली असते. ती वाचते आहे की नुसतीच बसली आहे, हे बघायला त्या दोन महिन्यांत कोणालाच सवड होत नाही. आम्ही कोणाला दोष देत नाही. हंगाम कोणासाठी थांबत नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे. पण या पानांवर आपण हुमणी, लोकरी मावा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी इतके वाचतो, तर एका अंकात चार शब्द पोरांच्या मनाविषयीही वाचावेत, एवढीच विनंती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते, आणि राज्यवार पाहता विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. परीक्षेतील अपयश हे कारण लिहिलेले मृत्यू मात्र २,२४८ होते. म्हणजे ‘पोरगं नापास झालं म्हणून’ एवढ्यावर हा विषय संपत नाही. घरातली भांडणे, कर्ज, प्रेमप्रकरण, वर्गातील चिडवाचिडवी, व्यसन, आजारपण, वसतिगृहातला एकटेपणा, अशी कितीतरी ओझी पोरांच्या पाठीवर असतात, आणि बहुतेक वेळा एक नसते, दोन-तीन एकदम असतात.

आता ओळखायचे कसे? उसाचे एखादे बेट पिवळे पडले की आपण ते उपटून मुळाशी बघतो. पाणी कमी पडलं असेल म्हणून पुढे जात नाही. पोराचंही तसंच बघावं लागतं. झोप एकदम कमी किंवा एकदम जास्त होते. जेवणावरची वासना जाते. मित्र तुटतात. आंघोळ, कपडे यांकडे लक्ष राहत नाही. हुशार पोर वही कोरी ठेवते. चिडचिड वाढते, आणि घरचे म्हणतात, ‘वयच तसलं आहे’. असेलही. पण हे दोन आठवडे टिकले तर वयावर ढकलू नये. याच्यापुढच्या खुणा अधिक गंभीर आहेत. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘तुम्हांला माझा त्रासच आहे’ असे बोलणे, आवडती वस्तू कोणाला देऊन टाकणे, निरवानिरव केल्यासारखे वागणे, आणि फार दिवस उदास असलेले पोर एकाएकी शांत होणे. ही शांतता पाहून घरच्यांना हायसे वाटते. तिथेच सावध व्हायला हवे.

अशा वेळी पोराला सरळ विचारावे. आपल्याकडे समज असा की, जिवाचं बरंवाईट करण्याविषयी विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. हा समज खोटा आहे, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उलट कोणी विचारले म्हणजे पोराचा कोंडलेला श्वास मोकळा होतो. विचारण्याची जागा मात्र चार माणसांतली नसावी. दोघेच बांधावर, गोठ्यात, मोटारसायकलवरून येताना असताना विचारावे. ‘बाळा, तुला जगणं नकोसं वाटतं का? तसा विचार मनात येतो का?’ एवढे पुरे. मग उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. हे गप्प बसणे आम्हां शेतकऱ्यांना जड जाते. आम्ही लगेच उपदेश सुरू करतो, ‘आम्ही काय काय सोसलं’ ते सांगतो, शेजारच्या पोराचे मार्क काढतो. त्याने पोर तोंड मिटून घेते. ‘बरं झालं सांगितलंस, आपण दोघं बघू’ हे वाक्य त्या वेळी शंभर उपदेशांपेक्षा जास्त उपयोगी पडते. आणि पोराने होय म्हटले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मागावी.

ती मदत कुठे आहे, ते आता सांगतो. १४४१६ हा नंबर पाठ करून ठेवावा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ नावाची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोन रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. फोन आधी शिकवून तयार केलेल्या समुपदेशकाकडे जातो. तो ऐकून घेतो, आणि गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता सांगतो. फोन पोराने स्वतःच केला पाहिजे असे नाही. बापाने करावा, आईने करावा, वर्गशिक्षकांनी करावा, ‘माझ्या पोराशी मी कसं बोलू’ एवढेच विचारण्यासाठीही करावा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. मारहाण, लैंगिक त्रास, घरातून निघून जाणे, कोणाचा धाक, असे काही असेल तर तिकडे फोन करावा. जीव धोक्यात आहे असे दिसले तर मात्र वाट न पाहता ११२ लावावा आणि जवळच्या रुग्णालयाकडे निघावे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनाच्या आजारांवर तपासणी व औषधे मिळतात. तिथे गेलेले पोर वेडे ठरत नाही, जसा दम्याचा केसपेपर काढलेला माणूस अपंग ठरत नाही.

दोन भीती लोकांच्या मनात हमखास असतात. एक, पोलिस केस होईल. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, हे खरे. परंतु २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याचे ११५ वे कलम म्हणते की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे काम आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेलेच नाही. रुग्णालयात नोंद होते, ती होऊ द्यावी. तिला भिऊन उपचाराला उशीर करू नये. दुसरी भीती, गावभर होईल. त्याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. गावभर होते ते बहुधा आपल्याच भावकीच्या तोंडून. डॉक्टरकडून ते होत नसते.

आता शाळेकडे वळू. आपल्या कार्यक्षेत्रातील विद्यालये, महाविद्यालये, वसतिगृहे ही सभासदांच्या उसाच्या बिलातून कपात होऊन उभी राहिली आहेत. त्यामुळे तिथे काय आहे आणि काय नाही, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला आणि कायदा होईपर्यंत देशभरातील शाळा, महाविद्यालये, खासगी क्लास व वसतिगृहे यांना लागू अशा पंधरा सूचना घातल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक नेमावा. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी ठरवून संबंध ठेवावा. शिक्षक व शिक्षकेतर सेवकांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. टेलिमानससारख्या सेवांचे नंबर वर्गात, वसतिगृहात ठळक अक्षरांत लावावेत. मार्कांप्रमाणे पोरांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. ही शेवटची सूचना आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. फळ्यावर मार्कांची उतरंड लिहून खालच्या दहांना उभे करणारे मास्तर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि ‘चांगला कडक मास्तर आहे’ म्हणून त्यांचे कौतुकही आपणच केले आहे.

पोरं लातूरला किंवा कोट्याला पाठवणाऱ्या सभासदांनी क्लासची फी भरण्याआधी तिथला समुपदेशक कोण, त्याला भेटता येते का, हे विचारून घ्यावे. निकालाची टक्केवारी जाहिरातीत असते, ही माहिती नसते. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील मुलांना अशा क्लासमध्ये घ्यायचेच नाही, हेही ध्यानात असावे.

शिक्षकांविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय हे पुरे होणार नाही. पोराचे पहिले दुःख पुष्कळदा वर्गशिक्षकालाच कळते. पण त्या शिक्षकाचे काय? शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. २०२३ साली ते वाढले तेव्हा प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. विनाअनुदानित तुकडीवरच्यांना तर टप्प्याच्या अनुदानाची वाट बघत केस पांढरे करावे लागले. वर निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब. आणि एखाद्या शाळेत विद्यार्थी दगावला की सारा गाव शिक्षकाला जाब विचारतो. त्याच वर्गावर दुसऱ्या दिवशी उभे राहणाऱ्या त्या माणसाला कोणी विचारत नाही की, बाबा तू कसा आहेस. १४४१६ हा नंबर शिक्षकांसाठी, शिपाईमामांसाठी, वसतिगृहाच्या रेक्टरबाईंसाठीही आहे. अशी घटना घडलेल्या शाळेत आधी शिक्षकांना एकत्र बसवून बोलते करावे, मग वर्गावर पाठवावे, आणि त्या विद्यार्थ्याच्या जवळच्या मित्रांवर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावे.

तोडणी कामगारांची पोरंही हंगामात आपल्याच शाळांत किंवा तळावर असतात. आई-बाप पहाटे फडात, आणि बारा वर्षांची पोरगी धाकट्याला घेऊन कोपीवर. तिला कोण विचारणार? मुकादमाचे हे काम नव्हे. शाळेने विचारले पाहिजे.

एक घरातले काम तर आजच होण्यासारखे आहे. फवारणीची व तणनाशकाची औषधे माळ्यावर, खाटेखाली, पोरांच्या खोलीत ठेवू नयेत. कुलपात ठेवावीत, किल्ली एकाकडे असावी, आणि उरलेले घरी साठवण्यापेक्षा लागेल तेवढेच आणावे. श्रीलंकेत अतिविषारी शेती औषधांवर बंदी आणल्यावर आत्महत्यांचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात उतरले. टोकाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो नि ओसरतो. त्या घटकेला हाताशी काही नसले, तर पोर वाचते.

निकाल मे महिन्यात लागतो. त्या दिवशी घरातल्या एकाने तरी शेताला जाऊ नये. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा लगेच जून-जुलैत होते. हे निकालाआधीच पोराच्या कानावर घालून ठेवावे. वसतिगृहात पोर असेल तर त्याला निकालाआधी घरी आणावे.

आपल्या गावच्या शाळेत हे नंबर लावलेले नसतील, किंवा समुपदेशक नेमलेला नसेल, तर शाळेचे नाव लिहून आपल्या गट कार्यालयात चिठ्ठी द्यावी. आलेल्या चिठ्ठ्या आम्ही शिक्षण संस्थेच्या कार्यालयाकडे पोचवू, आणि कोणत्या शाळेने काय केले ते पुढील अंकात छापू.